‘नवऱ्याला’ म्हणजे ‘कारभारी’ नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात वाचकांना ‘कारभारी’ हा शब्द दिला होता आणि त्यावर गूढ शब्दकोड्याचं शोधसूत्र रचून पाठवायला सांगितलं होतं. परवाच्या रविवारी निकाल छापून आला. पहिल्या बक्षिसाचं सूत्र असं: ‘नवऱ्याला गाडी जड झाली (४)’. त्याखाली परीक्षकांचा शेरा, ‘सहज आणि खुसखुशीत’. खुसखुशीत ते आहेच, वाचून मीही हसलो. पण सूत्र चुकलेलं आहे, आणि कुठे चुकलंय ते लिहून काढल्याखेरीज मला या आठवड्यात धड झोप लागायची नाही. आधीच कबूल करतो की मीही एक सूत्र पाठवलं होतं आणि ते उत्तेजनार्थमध्येसुद्धा आलं नाही. तेव्हा या पत्राला जळफळाटाचा वास येत असेल, तर नाक मुरडणाऱ्याला मी दोष देणार नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या शब्दकोड्यात ‘एक फूल (३)’ असं विचारतात. कमळ, गुलाब, मोगरा, शेवंती, जास्वंद, काहीही बसतं. उभ्या-आडव्या शब्दांनी एखादं अक्षर पुरवलं की मग ठरतं. गूढ कोड्यात उत्तराकडे जायला दोन वाटा असतात. सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या शब्दांतून तेच उत्तर तुकडे जोडून, उलटवून, अक्षरं विस्कटून किंवा कशाच्या तरी पोटातून ओढून काढायचं असतं. दोन्ही वाटा एकाच दारात पोचल्या पाहिजेत, आणि हे सगळं रोजच्या बोलण्यातल्या एका साध्या वाक्यात दडलेलं हवं. उदाहरणार्थ, ‘घाव घालतो, तरी पंढरीला जाणारा (४)’. घाव घालतो म्हणजे ‘वार करी’, आणि पंढरीला जाणारा तो वारकरी. कंसातला आकडा घरांचा. मराठीत एका घरात काना-मात्रेसकट, जोडाक्षरासकट आख्खं अक्षर बसतं.

माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली, ३४ वर्षं. दिवसभर हातात प्लग गेज. पोलादाचा वीतभर दांडा, एका टोकावर ‘गो’ कोरलेलं, दुसऱ्यावर ‘नो-गो’. २५ मिलिमीटरचं भोक आणि ड्रॉइंगवर एच-७ लिहिलेलं असलं, की ते भोक २५.००० पेक्षा लहान चालत नाही आणि २५.०२१ पेक्षा मोठं चालत नाही. २१ मायक्रॉन, एवढीच काय ती सूट. गो टोक अलगद आत गेलं पाहिजे आणि नो-गो टोक तोंडाशीच अडलं पाहिजे. दोन्ही झालं तर आमच्याकडे हिरवं लेबल. गो अडलं तर पिवळं, म्हणजे रिवर्क; भोक अजून थोडं मोठं करता येतं. नो-गो आत गेलं तर लाल, जॉब भंगारात, कारण कापून काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सूत्र हातात आलं की माझं मन हेच करतं. खरं उत्तर दोन्ही बाजूंनी आरामात आत जातंय का? आणि दुसरा कुठला शब्द चोरपावलांनी शिरत नाही ना?

आता बक्षीसपात्र सूत्र गेजवर धरू. गाडी म्हणजे कार, जड म्हणजे भारी. कारभारी. ‘झाली’ हा शब्द तिथे काय काम करतो ते मला कळलेलं नाही, पण तो मुद्दा किरकोळ. अर्थाच्या टोकाला आहे ‘नवऱ्याला’. नवऱ्याला म्हणजे ‘कारभाऱ्याला’. ‘कारभारी’ म्हणजे नुसता ‘नवरा’. शेतावर भाकरी घेऊन जाणारी बाई ‘अहो कारभारी’ अशी हाक मारते, पण घरी सासूला सांगताना ‘कारभाऱ्यांना भाकरी दिली’ असंच म्हणते. तिला हा फरक शाळेत जाऊन शिकावा लागलेला नाही. द्वितीया म्हणा, चतुर्थी म्हणा, प्रत्यय अर्थाला चिकटला आणि उत्तर मात्र प्रथमेत उघडंच उभं राहिलं. गो टोक अडलं. माझ्याकडून पिवळं लेबल.

हे मी सोमवारी संध्याकाळी तलावपाळीवर, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तळ्याच्या काठी, मांडलं. आमचा बाक गडकरी रंगायतनच्या अंगाचा. तिथे मी, आमच्याच सोसायटीतले अण्णा, आणि कधीमधी माझी भाची असे बसतो. अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “अहो, ‘ला’चं काय घेऊन बसलात? वाक्य म्हणून वाचायचं तर विभक्ती येणारच. इंग्रजीत सगळं सुटं सुटं असतं म्हणून त्यांचं भागतं. तुमचा नियम पाळला तर मराठीतली सगळी सूत्रं तारेसारखी होतील. ‘आई आजारी, ताबडतोब निघा.’”

अण्णांचा मुद्दा पोकळ नाही, आणि या बाबतीत मी स्वतः पोळलेलो आहे. मराठीचे प्रत्यय नामाला नुसते चिकटत नाहीत, चिकटताना नामाचं तोंडही बदलून टाकतात. नवरा असतो त्याचा नवऱ्या होतो, एक असतो त्याचा एका होतो. मागे एकदा ‘एक मळकट’ या दोन शब्दांत क, म, ळ सलग बसलेत हे माझ्या ध्यानात आलं. चिखलातलं कमळ मळकटात सापडावं! बाकावरून उठून नाचावंसं वाटलं होतं. घरी जाऊन झोकात लिहिलं, ‘एका मळकट तळ्यात दडलेलं फूल’. वाक्य सुरेख झालं आणि ‘एक’चं ‘एका’ झाल्याबरोबर कमळाचं ‘कामळ’ झालं. दोन दिवस घासून ‘एक मळकट, पोटात फूल (३)’ इथे येऊन थांबलो. अण्णांना त्यात तळं हवं होतं, ‘एक मळकट तळं, पोटात फूल’. पण ते तळं उत्तराला एक अक्षर पुरवत नाही, नुसतं शोभेला उभं. मासुंदा समोर असताना मी तळं गाळलं याचं अण्णांना अजून वाईट वाटतं.

तेव्हा मराठीत हे काम अवघड आहे हे मान्य. म्हणून मी स्वतःपुरती एक वाट काढली आहे. शब्दखेळाच्या बाजूला प्रत्यय चालतो, तो दोन तुकड्यांना जोडत असेल तर. ‘रुपयाचा माल, खिशात मावणारा (३)’. रु. आणि माल, रुमाल. इथला ‘चा’ सांधा म्हणून बसलाय, तो कुणाला फसवत नाही. अर्थाच्या बाजूला मात्र सूट नाही, कारण तिथे उत्तर स्वतःच्या पायावर उभं असतं. अण्णा याला ‘सोयीचा कायदा’ म्हणतात.

त्यांना गप्प करायला मला शाळेतला एक श्लोक आठवला. संस्कृतच्या मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः’. केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला, आणि पुढच्या ओळीत सगळे कौरव रडतायत. वर्ग चक्रावला. कृष्ण पडला म्हणून कौरव कशाला रडतील? मास्तरांनी खडूनं ‘के’ आणि ‘शवं’ यांच्यामध्ये उभी रेघ मारली. के म्हणजे पाण्यात. शव म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेलं प्रेत पाहून कावळा खूष झाला, आणि तिथवर पोचता येत नाही म्हणून कोल्हे रडू लागले. तेव्हा आम्ही नुसते ‘हात्तिच्या’ म्हणून हसलो. त्यातली खरी करामत मला पन्नाशीनंतर दिसली. ‘केशवं’ ही केशवची द्वितीया, आणि ‘शवं’ हीसुद्धा शवची द्वितीयाच. ‘पतितं’ दोघांनाही लागू पडतं, एकाला पुल्लिंगी म्हणून आणि दुसऱ्याला नपुंसकलिंगी म्हणून. रेघ मारा किंवा मारू नका, व्याकरण दोन्हीकडे शाबूत. संस्कृतातले प्रत्यय काही मराठीपेक्षा ढिले नाहीत. त्या अनामिक कवीला हे साधलं तर आपण ‘ला’ला कशासाठी सवलत द्यायची? अण्णा शेंगदाणे सोलत राहिले. उत्तर आलं नाही.

गूढ कोडं म्हणजे इंग्रजांचं खूळ, असं आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात, म्हणून जरा विषय सोडून लिहितो. वाल्या कोळ्याची गोष्ट घ्या. ‘राम’ म्हणता येईना म्हणून ‘मरा मरा’ म्हणायला लावलं. उलटवण्याचं याहून जुनं सूत्र मला माहीत नाही, आणि सलग म्हटलं तर उलटवायचीही गरज नाही, ‘मरामरामरा’च्या पोटात ‘राम’ आपोआप बसलेला. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे ज्यात ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. याचा अर्थ रामायण सांगायचं आणि ‘राम’ हे नावच घ्यायचं नाही! आणि आपल्या आज्यांचे कोडी-उखाणे? ‘पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब’ असं आजीनं विचारलं तेव्हा मी ‘बोकड’ असं उत्तर दिलं होतं. आजी म्हणाली, “बोकडाला मिशा कुठेत रे?” उत्तर होतं कणीस. नो-गो टोक काय असतं ते मला कारखान्यात जायच्या आधी आजीनं दाखवलं होतं.

चौकटीचं कोडं मात्र परदेशातून आलं, ते खरं. आर्थर विन यांचं पहिलं कोडं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापलं गेलं. ते साधं होतं, त्याला वाकड्यात शिरवलं इंग्रजांनी. हे सगळं मला आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी सांगितलं. ते तमिळ होते, जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी इंग्रजी पेपरातलं कोडं असायचं. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून कोडी घालणाऱ्या गृहस्थांनी टोपणनाव घेतलं टॉर्कमाडा, स्पेनच्या धर्मन्यायालयातल्या प्रमुख छळकर्त्याचं. सोडवणाऱ्यांचा छळच करायचा म्हटल्यावर नाव तरी प्रामाणिक असावं. १९३९ साली ते वारले आणि त्यांच्या जागी झिमेनीस आले, हे नावही त्याच माळेतलं. पुढे १९७२ साली अझेद. डेझा नावाचा आणखी एक छळकर्ता, त्याचं नाव रोमन लिपीत उलटून लिहिलेलं.

यातल्या झिमेनीस यांनी शिस्त लावली. नेमका अर्थ, प्रामाणिक शब्दखेळ, आणि तिसरं काहीही नाही. आफ्रिट नावाच्या आणखी एका कोडेकाराचं १९४९ मधलं एक वचन साहेबांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. त्याचा भावार्थ असा, की मी बोलतो तेच माझ्या मनात असायला हवं असं बंधन नाही, पण मनात जे आहे ते मी बोललंच पाहिजे. रिजेक्शनवर सही करताना ते काचेवर बोट टेकवायचे. मला वाटायचं, हे पुरवठादारांसाठी आहे. ‘नवऱ्याला गाडी जड झाली’ असं लिहिणाऱ्याच्या मनात होतं ‘नवरा’. बोलला ‘नवऱ्याला’.

आता माझ्या सूत्राकडे येतो. लाज वाटते, पण लपवलं तर हे पत्र एकतर्फी होईल. मी पाठवलं होतं: ‘वाहन वजनदार, व्यवस्थापक (४)’. तपासून बघा, एक मायक्रॉन इकडेतिकडे नाही. वाहन कार, वजनदार भारी, व्यवस्थापक कारभारी. फालतू शब्द नाही, प्रत्यय नाही, दुसरं उत्तर नाही. मला त्याचा इतका अभिमान होता की पोस्ट करण्याआधी मी बाकावर वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, “छान. निविदा कधी उघडणार?”

भाची त्या दिवशी नव्हती. ती ऐरोलीला नोकरी करते आणि तिच्यासाठी सध्या स्थळं बघणं चाललंय, त्यामुळे रविवार बहुधा कांदेपोह्यांत जातो. सोमवारी मी विभक्तीवर तावातावानं बोलत असताना ती आली, मोबाइलवर निकाल वाचला, माझंही सूत्र विचारून घेतलं आणि दोन मिनिटं तळ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, “मामा, असं चालेल का? ‘गाडी झकास म्हणजे नवरा’.”

मी मनात गेज लावला. गाडी, कार. झकास, भारी, हल्लीची पोरं ‘भारी’ त्याच अर्थानं म्हणतात. ‘म्हणजे’ हा दोन वाटा जोडणारा शब्द, इथे त्याच्याइतका चपखल दुसरा नसता. नवरा, प्रथमेत, कुठलाही प्रत्यय न लावता. एकही शब्द बसून खात नाही. आणि वाक्य? ते आमच्या सगळ्या बाजारावर होतं. अण्णांना हसता हसता ठसका लागला. मागच्याच आठवड्यात म्हणे एका स्थळाकडून जी माहिती आली तिच्यात मुलाचा फोटो टिकलीएवढा आणि त्याच्या नव्या गाडीचा पोस्टकार्डाएवढा होता. तिनं तेच सूत्रात घातलं. बरोबर असणं आणि हसू येणं यांत काहीतरी एकच निवडावं लागतं, असं माझ्या मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं. ३४ वर्षं भोकं मोजल्याचा परिणाम असेल. परीक्षकांनी माझं सूत्र बाजूला ठेवलं त्यात त्यांची चूक नव्हती, हे मी तिच्यासमोर कबूल केलं. त्यांची चूक एवढीच की हसू आल्यावर त्यांनी गेज लावायचं राहून गेलं.

बक्षीसवाल्या सूत्राचं रिवर्कही मग भाचीनं जागच्या जागी करून टाकलं, ‘गाडी जड की नवरा? (४)’. शब्द त्यांचेच, प्रत्यय गेला, रिकामटेकडं ‘झाली’ गेलं, आणि खोडी उलट वाढली. हे सूत्र ज्यांनी पाठवलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांच्या हातात वाक्य आहे, जे माझ्या हातात नाही.

वाक्याचं एवढं महत्त्व का, तर सोडवणाऱ्याला फसवायचं ते वाक्यानंच. ‘पराभव, गळ्यात पडणारा (२)’ वाचलं की निवडणुकीचा निकाल डोळ्यासमोर येतो, हार हा फुलांचाही असतो हे सुचत नाही. ‘मोडतोड करून विकता काव्य (३)’ वाचून एखादा गीतकार आठवतो, आणि ‘विकता’ची अक्षरं हलवली की ‘कविता’ होते हे समोर असून दिसत नाही. उत्तर सापडल्यावर माणूस स्वतःच्याच कपाळावर हात मारतो. कोडेकाराच्या नावानं बोटं मोडायची पाळी आली तर समजावं, सूत्रात खोट आहे.

ऱ्हस्व-दीर्घाची खोट तर फारच. मागे एका कोड्यात ‘नदी उलटली तो दिवस (२)’ असं वाचलं, उत्तर ‘दिन’. नदी उलटली तर ‘दीन’ होतो, दुसरी वेलांटी. म्हणजे नदी उलटली तर माणूस गरीब होईल, दिवस काही उजाडणार नाही. ‘नदी उलटली, गरीब (२)’ असं सरळ लिहिलं असतं तर महापुराची बातमी वाटून गेली असती. तसंच ‘कवी’ला ‘ता’ जोडून कविता करणारे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी सुटा कवी दीर्घ झाला, कवितेतला ‘वि’ ऱ्हस्वच राहिला, तेव्हा तो सांधा बसत नाही. (एमआयडीसीसुद्धा १९६२ चीच, आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. माझं आयुष्य त्याच साली छापलेल्या नियमांखाली गेलं म्हणायचं.)

मराठीत इंग्रजीसारखे छोटे तुकडे नाहीत, त्यामुळे शब्द जोडता येत नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. ज्यांच्या पत्राची सुरुवातच ‘स. न. वि. वि.’नं होते त्यांनी असं म्हणावं! श्री., सौ., चि., कु., ता., जि., मु., पो., रु., सारेगमपधनि, ‘ग’ची बाधा. घरातल्या घरात केवढा माल पडलाय. ‘सौ.पासून उत्पन्न झालेला चांगुलपणा (३)’ हे माझं एकमेव सूत्र, जे आमच्या सौ.नी शेजारणीला वाचून दाखवलंय. सौ. आणि जन्य, सौजन्य.

आणि एक प्रकार सगळ्यांच्या वरचा. त्यात अर्थ आणि खेळ वेगवेगळ्या टोकांना नसतात, आख्खं सूत्र दोन्ही काम करतं. आयुष्यात मला असं एकच साधलंय. ‘वडा उलटायला (२)’. वडा हा शब्द उलटला की ‘डाव’ होतो, आणि तळणीतला वडा उलटायलाही डाव लागतो. फक्त दोन शब्द. हे मी आजवर कुठेही पाठवलेलं नाही, चांगल्या शब्दाची वाट बघत जपून ठेवलं होतं. आपल्या पुरवणीला भेट म्हणून देतो.

माझी विनंती साधी आहे. अझेद वाचकांना एक शब्द देत, त्यांची सूत्रं मागवत आणि निकालाबरोबर एक टिपण काढत; कुठलं सूत्र का चढलं, कुठलं कशामुळे पडलं, यावर स्पष्ट शेरे. आपल्या परीक्षकांनीही दोन शब्दांऐवजी दहा ओळी लिहाव्यात. निवडलेल्या सूत्राची फोड छापावी, आणि पडलेल्यांपैकी दोन-चारांची, नावं न घालता. कारखान्यात नुसतं ‘रिजेक्ट’ लिहून जॉब परत पाठवला तर कामगार दुसऱ्या दिवशी तोच जॉब तसाच करून आणतो. किती मायक्रॉननं आणि कुठल्या बाजूला चुकला ते लिहावं लागतं. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्यातून घ्यावी. माझ्या सूत्राची चिरफाड केलीत तरी चालेल, फक्त ‘निविदा’ हा शब्द वापरू नये, तो अण्णांनी आधीच वापरलाय.

भाचीचं सूत्र मुदतीनंतरचं असल्यामुळे बक्षिसाचा प्रश्न नाही. पण ते छापलंत तर बरं होईल. तिच्या आईला मात्र कळवू नका.

आपला एक जुना वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी सौ.नी वाचलं. त्यांचं म्हणणं, “डावानं वडे कोण उलटतं? डाव भात-आमटी वाढायला. वडे झाऱ्यानं उलटतात. हात पोळेल डावानं.” मी स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही वस्तू हातात घेऊन पाहिल्या. त्यांचं बरोबर आहे. गो टोक अडतं. तेव्हा ‘वडा उलटायला’ हे सूत्र मागे घेतो, त्याऐवजी ‘वडा उलटवण्याची खेळी (२)’ असं वाचावं. ते आधीच्याइतकं चांगलं नाही, हे मलाही दिसतंय.